भेटींचा हिशेब

श्रोतेहो, आज सुरुवातीलाच तुम्हाला एक छोटेसे काम सांगणार आहे. कालचा दिवस आठवा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुम्ही किती माणसांशी समोरासमोर बोललात? फोनवर बोललात ते धरू नका. घरातली माणसे, दूधवाला, शेजारच्या काकू, बसचा कंडक्टर, कचेरीतले सहकारी, भाजीवाली... निदान तीन शब्दांची देवाणघेवाण झाली असेल तर तो माणूस मोजायचा. कुणाशी हात मिळवला असेल, लहान मुलाला कडेवर घेतले असेल, तर बोलणे झाले नसले तरी मोजायचे. आता प्रत्येकासमोर त्याचे अंदाजे वय लिहा आणि तो घरी भेटला, कामावर भेटला की आणखी कुठे, तेही लिहा.

काम वाटते तितके सोपे नाही. दहा-बारा नावे भराभर येतात, मग आपण अडतो आणि थोड्या वेळाने आठवते, अरे, रिक्षावाला राहिलाच! ही यादी वरवर क्षुल्लक दिसते. पण श्वासावाटे पसरणारा रोग नेमका याच यादीच्या वाटेने जातो. कोण कोणाला भेटतो, किती वेळा भेटतो आणि भेटणाऱ्यांची वये काय, हे कळले तर साथ कुठल्या दिशेने जाईल आणि तिला कुठे अडवता येईल, याचा अंदाज बांधता येतो. हे कळले नाही तर सगळाच अंधार.

त्या अंधाराचा अनुभव मुंबईने घेतलेला आहे. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून इस्पितळात दाखल झाले. पहिले महायुद्ध चालू होते, बंदरात सैनिकांची जहाजे ये-जा करत होती. पुढे काही महिन्यांतच इन्फ्लुएन्झाची ती साथ रेल्वेच्या रुळांवरून देशभर पसरली आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली. मेलेल्यांची मोजदाद जमेल तशी झाली. पण ते शिपाई कोणाला भेटले, त्या माणसांनी पुढे कोणाला भेट दिली, याचा हिशेब कोणाकडेच नव्हता.

असा हिशेब मोठ्या प्रमाणावर मांडण्याचा पहिला प्रयत्न व्हायला त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे जावी लागली. २००५-०६ मध्ये युरोपातील आठ देशांत ‘पॉलिमॉड’ नावाची पाहणी झाली. ७,२९० लोकांना एका दिवसाची डायरी देण्यात आली, तुम्हाला मी आता सांगितली तशीच. त्यातून ९७,९०४ भेटींची नोंद मिळाली. मुले प्रामुख्याने आपल्याच वयाच्या मुलांत मिसळतात, हे सगळ्यांना ठाऊक असलेले सत्य त्यातून प्रथमच मोजून हाती आले. २००८ मध्ये ही पाहणी प्रसिद्ध झाली आणि पुढे वर्षानुवर्षे साथीच्या गणिताला तिचाच आधार राहिला. पण त्यात ब्रिटनचे लोक होते सुमारे एक हजार. शिवाय ही माहिती स्मार्टफोन येण्यापूर्वीची. एवढ्या तोकड्या शिदोरीवर साऱ्या देशाचे गणित करायचे, ही संशोधकांची अडचण होती.

ती अडचण दूर व्हायला मदत केली ती एका दूरदर्शन माहितीपटाने. आज मला त्याच माहितीपटाविषयी बोलायचे आहे. तो कसा तयार झाला, त्यामागे कोण होते, आणि प्रसारण होऊन गेल्यावर दोन वर्षांनी त्याचे काय झाले, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

२०१८ मध्ये १९१८च्या साथीला शंभर वर्षे होणार होती. त्या सुमारास ब्रिटन सरकारच्या राष्ट्रीय संकटांच्या यादीत फ्लूची महासाथ अगदी वरच्या जागी होती. शताब्दीच्या निमित्ताने होणारे माहितीपट कसे असतात ते आपण जाणतो. जुनी कृष्णधवल छायाचित्रे, इस्पितळांतल्या खाटांच्या रांगा, दोन-चार तज्ज्ञांच्या मुलाखती. बीबीसीने ठरवले ते वेगळे होते. प्रेक्षकांना माहिती द्यायच्या आधी प्रेक्षकांकडूनच माहिती मागायची आणि त्या माहितीवर माहितीपट उभा करायचा.

कॅमेऱ्यासमोर होत्या हॅना फ्राय. त्या गणितज्ञ, तेव्हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकवत होत्या. त्यांच्या जोडीला जावीद अब्देलमोनीम हे डॉक्टर. पडद्यामागचे गणित मांडले ते केंब्रिज विद्यापीठातल्या ज्युलिया गॉग आणि पेट्रा क्लेपॅक यांनी. त्यांच्याबरोबर स्टीफन किसलर, अँड्र्यू कॉनलन आणि लंडनच्या ‘स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन’मधले ॲडम कुचार्स्की होते. म्हणजे काम स्त्री-पुरुषांनी मिळून केले. पण समोर प्रश्न विचारणारी आणि मागे उत्तराचे गणित रचणाऱ्या अशा तिघीही गणिताच्या अभ्यासक, हे चित्र विज्ञानाच्या कार्यक्रमांत तेव्हा तरी रोजचे नव्हते. विशेष म्हणजे माहितीपटाने त्याचा कुठेही गवगवा केला नाही. त्यांनी आपापले काम केले, एवढेच.

सप्टेंबर २०१७च्या अखेरीस ‘बीबीसी पॅन्डेमिक’ नावाचे एक मोबाइल ॲप लोकांसाठी खुले झाले. ते उतरवून घेणाऱ्याने वय आणि काही जुजबी माहिती द्यायची, संमती द्यायची आणि फोन चोवीस तास जवळ बाळगायचा. फोन दर तासाला त्याची जागा नोंदवायचा. तीही नेमकी नाही, एक चौरस किलोमीटरच्या चौकटीपुरती. दिवस संपला की ॲप विचारायचे: आज कोणाकोणाला भेटलात? वय अंदाजे किती? नुसते बोललात की स्पर्शही झाला? घरी, कामावर, शाळेत की आणखी कुठे? जुन्या डायरीचेच हे नवे रूप.

विद्यापीठातल्या चार संशोधकांनी असे आवाहन केले असते तर किती लोक पुढे आले असते? काही शे, फार तर एक-दोन हजार. बीबीसीने केल्यावर हजारोंच्या संख्येने लोक आले. पुढे मुख्य अभ्यासासाठी वापरलेल्या नोंदी होत्या चाळीस हजारांवर. प्रसारमाध्यमाची ताकद आपण बहुधा श्रोत्यांच्या संख्येवर मोजतो. इथे ती विचारलेल्या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांवर मोजता आली.

दुसरा प्रयोग एका गावात झाला. लंडनच्या नैऋत्येला सरे परगण्यात हेझलमिअर नावाचे छोटे गाव आहे. १२ ऑक्टोबर २०१७ पासून तीन दिवस तिथल्या ४६९ रहिवाशांनी आपापल्या फोनमध्ये वेगळे ॲप चालू ठेवले. दर पाच मिनिटांनी कोण कोणापासून किती अंतरावर आहे, हे साधारण एका मीटरपर्यंत नोंदले जात होते.

इथे चित्रपट करणाऱ्यांपुढे एक पेच होता. विषाणू दिसत नाही. चाळीस हजार ओळींचा तक्ता पडद्यावर दाखवला तर प्रेक्षक चहा करायला उठून जाईल. मग आकडा दाखवायचा कसा? तोडगा असा निघाला की खुद्द हॅना फ्राय यांनाच ‘पहिला रुग्ण’ करायचे. खोटा विषाणू, खरा गाव. त्या गावात फिरल्या, दुकानांत गेल्या, लोकांत मिसळल्या. त्यांच्याजवळ आलेल्या कुणाला लागण झाली असती, त्याने पुढे कुणाला दिली असती, हे नंतर संगणकावर मांडले. हेझलमिअरमध्ये पेटलेली ही काल्पनिक ठिणगी देशभर कशी पसरेल, यासाठी क्लेपॅक, किसलर आणि गॉग यांनी ॲपमधल्या नोंदी वापरल्या. शहरातला तरुण दिवसात किती दूर जातो, खेड्यातली वृद्ध बाई किती दूर जाते, हे आता कल्पनेने भरावे लागत नव्हते.

२२ मार्च २०१८ रोजी ‘कन्टेजन! द बीबीसी फोर पॅन्डेमिक’ या नावाने माहितीपट प्रसारित झाला. काहीच उपाय केले नाहीत तर या काल्पनिक फ्लूची ब्रिटनमध्ये सुमारे ४ कोटी ३० लाख लोकांना लागण होईल आणि जवळजवळ ९ लाख माणसे मरतील, असा त्याचा निष्कर्ष होता. लोकांनी पाहिला, थोडे घाबरले असतील, आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले. संशोधकांनी मात्र आपल्या नोंदी नीट लावून ठेवल्या होत्या.

मग २०२० उजाडले. कोरोनाचा विषाणू चीनबाहेर पडला आणि जगभरच्या संशोधकांना एकाच प्रश्नाने घेरले: आपल्याकडे कोण कोणाला भेटतो? ब्रिटनकडे उत्तर तयार होते. फेब्रुवारी २०२० मध्येच, तिथे टाळेबंदी लागण्याच्या महिनाभर आधी, क्लेपॅक, गॉग आणि सहकाऱ्यांनी ३६ हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या नोंदींवरून तयार केलेले वयवार भेटींचे तक्ते सर्वांसाठी खुले केले. घर, काम, शाळा आणि इतरत्र, असे वेगवेगळे. शाळा बंद केल्या तर नेमक्या किती भेटी कमी होतील, लोकांना घरून काम करायला सांगितले तर किती, हे त्यावरून पाहता येऊ लागले.

कुचार्स्की आणि सहकाऱ्यांनी ४०,१६२ जणांच्या नोंदी घेऊन आणखी एक अभ्यास केला. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. समजा, या नोंदींत एक शिक्षिका आहे. तिच्या एका दिवसात घरचे चार, शाळेतले तीस आणि बाजारातले पाच जण आहेत. तिला लागण झाली, असे संगणकावर मानायचे. ती लक्षणे दिसताच घरी थांबली तर किती जण वाचतील? घरच्यांनाही थांबवले तर? तिच्या भेटीतली माणसे शोधून काढली तर? बाजारातली पाच माणसे तिला नावाने सांगता येतील का? असे एकेका माणसाचे गणित चाळीस हजारांसाठी करायचे आणि सरासरी काढायची.

उत्तरे स्पष्ट होती. लक्षणे असलेल्याने केवळ घरात अलग राहिल्यास प्रसार सरासरी २९ टक्क्यांनी घटत होता. कुटुंबालाही अलग ठेवल्यास ३७ टक्क्यांनी. त्याच्या भेटीतल्या सर्वांना माणसांकरवी शोधून काढल्यास ६४ टक्क्यांनी. हेच शोधकाम केवळ मोबाइल ॲपवर सोपवल्यास ४७ टक्क्यांनी. आणि दर आठवड्याला पाच टक्के लोकांची सरसकट चाचणी केल्यास फक्त २ टक्क्यांनी. हे मॉडेलमधले आकडे आहेत, प्रत्यक्षात कमी-जास्त होणारच. पण पैसा आणि माणसे कुठे लावायची, याचा कौल त्यातून मिळतो.

हेझलमिअरच्या नोंदीही कामी आल्या. ऑक्सफर्डचे जॉश फर्थ आणि सहकाऱ्यांनी त्यांवरून दाखवले की रुग्णाच्या संपर्कातल्यांच्याही संपर्कातली माणसे शोधली तर साथ अधिक आवरते. मात्र त्यासाठी गावातल्या फार मोठ्या संख्येला घरात बसावे लागते. जोडीला सर्वांनीच अंतर पाळले तर हा भार हलका होतो. फ्लूच्या माहितीपटासाठी तीन दिवस फोन चालू ठेवणाऱ्या लोकांना आपण कशासाठी उपयोगी पडणार आहोत, याची त्या वेळी कल्पनाही नसेल.

२३ मार्च २०२० रोजी ब्रिटनमध्ये टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्याच दिवशी ‘कोमिक्स’ नावाची नवी डायरी-पाहणी सुरू झाली. तिच्यात एका माणसाच्या दिवसाच्या सरासरी भेटी २.८ निघाल्या. पॉलिमॉडच्या काळात त्या १०.८ होत्या. म्हणजे ७४ टक्के घट. लोक खरोखरच घरात बसले आहेत आणि साथ ओसरायला लागेल, हे त्यावरून रुग्णसंख्या उतरण्याआधीच सांगता आले. लक्षात घ्या, २.८ हा आकडा एकटा काहीच बोलत नाही. शांततेच्या काळात कुणीतरी १०.८ लिहून ठेवला होता, म्हणून तो बोलका झाला.

सगळे गोड झाले, असे मात्र मी सांगणार नाही. आकडे हुकूम देत नाहीत, ते फक्त सल्ला देतात. माणसे शोधण्याचे काम ब्रिटनने १२ मार्च २०२० रोजी समाजपातळीवर थांबवले होते आणि देशव्यापी स्वरूपात ते पुन्हा सुरू झाले मेच्या अखेरीस. मधल्या आठवड्यांत फार माणसे गेली. ज्युलिया गॉग सरकारला सल्ला देणाऱ्या गणितज्ञांच्या गटात होत्या. २०२० मध्ये त्यांना त्या कामासाठी राष्ट्रीय सन्मानही मिळाला. पण सल्ला आणि निर्णय यांत अंतर असते, ते कोणत्याही देशात असते.

नोंदींतही उणिवा होत्या. ज्याच्याकडे स्मार्टफोन, तोच त्यात आला. आपणहून पुढे आलेली माणसे साऱ्या समाजासारखी नसतात. तेरा वर्षांखालील मुलांना तर भागच घेता येत नव्हता, आणि साथीत मुलांच्या भेटी महत्त्वाच्या. मग युक्ती अशी केली: एखादी आई सांगते की ती सहा वर्षांच्या मुलाला भेटली, म्हणजे तो सहा वर्षांचा मुलगाही तिच्या वयाच्या बाईला भेटला. भेट ही दोन्ही बाजूंनी असते. मोठ्यांच्या उत्तरांतून मुलांचा तक्ता असा भरता आला. पण मुले आपसात किती मिसळतात, हे मोठ्यांना विचारून कळत नाही. त्यासाठी जुन्याच माहितीवर विसंबावे लागले.

आणि प्रश्न खासगीपणाचा. आपण कुठे जातो, कोणाला भेटतो, हे दुसऱ्याच्या हाती द्यायला कोण तयार होईल? हेझलमिअरच्या नोंदी इतर संशोधकांना देताना एक साधी गोष्ट केली. त्यांत फक्त दोन व्यक्तींमधले अंतर ठेवले, जागा ठेवली नाही. अमुक क्रमांकाचा आणि तमुक क्रमांकाचा माणूस पाच मिनिटे तीन मीटरवर होते, एवढेच कळते. ते वाण्याच्या दुकानात होते की दारूच्या, हे कळत नाही. साथीच्या अभ्यासाला जेवढे लागते तेवढेच घ्यायचे. हा विवेक मला साऱ्या प्रकल्पातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो. लोकांनी ‘हो’ म्हटले, कारण काय मागतात आणि कशासाठी मागतात, हे त्यांना आधी सांगितले होते.

आता आपल्याकडे वळू. मार्च २०२० मध्ये भारतातल्या टाळेबंदीचा परिणाम काय होईल, याचे गणित केंब्रिजच्या दोन संशोधकांनी मांडले, तेव्हा त्यांनी भारतातल्या भेटींचे तक्ते घेतले ते किएशा प्रेम या संशोधिकेने सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये १५२ देशांसाठी तयार केलेल्या संग्रहातून. मोठे उपयुक्त काम. पण त्याचा पाया होता युरोपातली तीच पॉलिमॉड पाहणी. आपली कुटुंबे आणि लोकसंख्येची वयवारी लक्षात घेऊन काढलेला तो अंदाज होता. प्रत्यक्ष डायरी घेऊन विचारपूस केल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडी. हरियाणातील बल्लभगढ भागातल्या खेड्यांत सुप्रिया कुमार आणि सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, ती त्यांपैकी एक. लोकलच्या डब्यातली गर्दी, आठवडी बाजार, नळावरची रांग, तीन पिढ्यांचे एकत्र घर, वारी, लग्नसराई, यांचा हिशेब युरोपच्या डायरीत कुठून सापडणार?

आणि तरीही माणसे शोधून काढण्याचे काम आपल्याकडे झाले. ते केले पायी चालणाऱ्या बायांनी. गावोगावच्या आशा कार्यकर्त्या दारोदार फिरून कोण आजारी, कोण बाहेरगावाहून आले, कोण कोणाच्या संपर्कात आले, हे वहीत लिहीत होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली, तेव्हाही घराघरांत ताप आणि प्राणवायूची पातळी मोजायला जाणाऱ्या पथकांत त्या होत्या. मघाचा ६४ टक्क्यांचा आकडा आठवतो? माणसाने माणसे शोधली तर ६४, ॲपने शोधली तर ४७. या दोन आकड्यांमधली जागा आपल्याकडे आशाताईंनी भरली. जून २०२१ मध्ये त्यांना मानधनासाठी राज्यभर संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा सन्मान केला. सन्मान योग्यच होता. पण त्यांनी भरलेल्या वह्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न उरतोच. साथ संपल्यावर त्या नोंदी नावे वगळून नीट लावून अभ्यासकांपुढे ठेवल्या, तर पुढच्या वेळी आपल्याला युरोपातल्या डायरीवरून आपली घरे ओळखायची वेळ येणार नाही.

पुढची महासाथ कधी येईल, हे कोणी सांगू शकत नाही. पण ती आल्यावर हिशेब मांडायला बसलो तर उशीर झालेला असेल, हे मात्र नक्की. जो माहितीपट मी आज सांगितला, त्याचे खरे फळ पडद्यावरचे नव्हते. चाळीस हजार लोकांनी एका सामान्य दिवशी, कसलेही संकट नसताना, आपल्या भेटी लिहून दिल्या, हे ते फळ. आपल्याकडे हे काम एखाद्या महाविद्यालयाला, एखाद्या ग्रामपंचायतीला आणि, का नाही, एखाद्या रेडिओ केंद्रालाही करता येईल. ॲपही लागणार नाही. आपल्या घरांत वही आहे, पेन्सिल आहे आणि विचारणारी ओळखीची ताई आहे. फक्त कशासाठी विचारतो, हे आधी सांगावे आणि लागेल तेवढेच विचारावे.

तोवर सुरुवातीला केलेली तुमची यादी पुन्हा एकदा पाहा. किती नावे झाली? आता शेजारी बसलेल्या आईला किंवा शाळेतून आलेल्या मुलीला विचारा, तिची किती झाली. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की साथ तुमच्या घरात कोणत्या दाराने येईल, ते तुम्हालाच दिसेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)